उरलच्या पायथ्याचें पोलादी नगर : चेल्याबिन्स्क

रशिया म्हटला कीं आपल्यापैकीं बहुतेकांच्या मनश्चक्षूंपुढें मॉस्कोच्या देवळांचे सोनेरी घुमट आणि सेंट पीटर्सबर्गचे राजवाडे उभे राहतात. टॉलस्टॉय व डोस्टोव्हस्की यांच्या कादंबऱ्या ज्या घरांत वाचल्या जातात, तेथें सैबेरियाचें अफाट बर्फ आणि तेथें हद्दपार झालेल्या कैद्यांच्या करुण कहाण्याही ठाऊक असतात. परंतु राजवाड्यांचा रशिया आणि बर्फाचा रशिया या दोहोंच्या मधोमध एक तिसरा रशिया पसरलेला आहे. तो धुराड्यांचा, भट्ट्यांचा, रुळांचा आणि पहांटेच्या भोंग्यांचा रशिया होय. प्रवासवर्णनें त्याच्याकडे सहसा वळत नाहींत. कारण तेथें पाहण्यासारखें असें काय आहे, असा प्रश्न प्रवाशाला पडतो. तथापि एखाद्या राष्ट्राचें अन्न कोठें शिजतें हें समजून घ्यावयाचें तर दिवाणखाना सोडून माजघरांत जावें लागतें. रशियाच्या या माजघरांतील एक मोठी चूल म्हणजे चेल्याबिन्स्क शहर. एका महायुद्धांत या शहरानें आपल्या देशाला तगविलें. आणि त्याच शहरांतील गृहिणीला आज सकाळीं खिडकी उघडण्यापूर्वीं वारा कोठून वाहतो आहे, याचा विचार करावा लागतो. हा ताळेबंद वाचकांपुढें मांडावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम स्थान पाहूं. नकाशावर इराण आणि पाकिस्तान यांच्या सीमेवर बोट ठेवावें आणि तें सरळ उत्तरेस न्यावें. तुर्कमेनिस्तानचें वाळवंट आणि कझाकस्तानचीं गवताळ मैदानें ओलांडून तें उरल पर्वताच्या पूर्व पायथ्याशीं येऊन थांबलें, म्हणजे आपण चेल्याबिन्स्कला पोंचलों. शहराचें घड्याळ आपल्या घड्याळाच्या अवघें अर्धा तास मागें असतें. आपल्या घरीं सकाळच्या पूजेची तयारी चालली असतां तेथेंही चुलीवर चहाचें आधण ठेवलेलें असतें. मॉस्को मात्र तेथून पश्चिमेस सुमारें १,५०० किलोमीटर दूर असून तेथील घड्याळ चेल्याबिन्स्कच्या दोन तास मागें चालतें. रशियाचा विस्तार किती, याची कल्पना यावरून यावी.

उरल हा युरोप आणि आशिया यांच्यामधील बांध मानला जातो. सह्याद्रीचे ताशीव कडे पाहण्याची संवय झालेल्या डोळ्यांना हा पर्वत प्रथम निराशाजनक वाटण्याचा संभव आहे. कारण तो अतिप्राचीन असून ऊन, वारा व बर्फ यांनीं झिजून ठेंगणा झाला आहे. पण या झिजण्यामुळेंच त्याच्या पोटांतील लोखंड, तांबें, जस्त, मँगनीज आणि नाना रत्नें माणसाच्या हाताशीं आलीं. चेल्याबिन्स्क शहराचा पश्चिम भाग उरलच्या ग्रॅनाइट खडकावर वसलेला आहे आणि पूर्वेकडचा भाग पश्चिम सैबेरियाच्या गाळाच्या मैदानावर. शहरामधून मियास नदी वाहते. तिच्यावरील लेनिनग्राडस्की नांवाच्या पुलाला लोक कौतुकानें ‘उरलमधून सैबेरियांत नेणारा पूल’ म्हणतात. मियासचें पाणी इसेत, तोबोल, इर्तिश आणि ओब अशा एकामागून एक मोठ्या नद्यांना मिळत अखेर उत्तर ध्रुवाकडील समुद्रांत जातें.

नदीपेक्षांही या मुलखाला शोभा आहे ती सरोवरांची. चेल्याबिन्स्क प्रांतांत लहानमोठीं मिळून तीन हजारांहून अधिक सरोवरें आहेत. शहराच्या हद्दींतच स्मोलिनो हें मोठें सरोवर आहे. पश्चिम बाजूस मियास नदी अडवून १९६० नंतरच्या दशकांत शेर्शनी नांवाचा जलाशय बांधण्यांत आला, आणि शहराचें पिण्याचें पाणी त्यांतूनच येतें. समुद्र फार दूर असल्यामुळें हवामान विषम आहे. जुलै महिन्याचें सरासरी उष्णमान १९ अंशांच्या आसपास, तर जानेवारींत तें शून्याखालीं १४-१५ अंशांवर जातें. थंडीची लाट आली म्हणजे त्याच्याही बरेंच खालीं. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत जमीन बर्फानें झांकलेली असते.

शहराचा जन्म १७३६ सालचा. त्या काळीं रशियन साम्राज्याची सीमा दक्षिणेकडे सरकत होती आणि ओरेनबर्गकडे जाणाऱ्या धान्याच्या तांड्यांना संरक्षण हवें होतें. कर्नल अलेक्सेई तेवकेलेव्ह या अधिकाऱ्यानें चेल्याबा नांवाच्या बश्कीर वस्तीच्या जागीं लांकडी तटाची एक गढी बांधली. हा तेवकेलेव्ह जन्मानें तातार होता, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. ज्या भूमीवर ही गढी उठली ती बश्कीर लोकांची, बांधणारा तातार आणि सत्ता रशियन. या तिहेरी विणीचे धागे शहराच्या वस्तींत आजही दिसतात. ‘चेल्याबा’ या शब्दाच्या अर्थाविषयीं पंडितांत वाद आहे. सखल जागा किंवा खळगा असा त्याचा अर्थ पुष्कळजण लावतात. शहराच्या चिन्हावर ओझें लादलेला उंट आहे! बर्फाच्या देशांत उंट कोठून आला, असें कोणीही विचारील. पण मध्य आशियांतील व्यापारी आपला माल उंटांवर लादून या वाटेनें आणीत, त्याची ती खूण आहे.

पुढील दीडशें वर्षें हें एक झोंपाळू तालुक्याचें गांव होतें. १८९७ च्या खानेसुमारींत त्याची लोकसंख्या अवघी २० हजार भरली. परंतु त्याच्या कपाळीं लिहिलेलें भाग्य तोंवर रुळांवरून धांवत येऊन पोंचलें होतें. १८९२ सालीं समारा व झ्लातोउस्त यांकडून येणारा लोहमार्ग चेल्याबिन्स्कला मिळाला आणि त्याच वर्षीं येथून पूर्वेकडे सैबेरियाचा महान लोहमार्ग बांधण्यास प्रारंभ झाला. गांव एका दिवसांत ‘सैबेरियाचें महाद्वार’ बनलें. युरोपीय रशियांत जमीन नसलेले शेतकरी बायकामुलांसह, गाडगींमडकीं घेऊन, सैबेरियांत नवी जमीन मिळविण्यासाठीं निघाले. त्यांच्यासाठीं चेल्याबिन्स्क येथें एक मोठें स्थलांतर-केंद्र उघडण्यांत आलें. तेथें त्यांची नोंद होई, गरम जेवण मिळे, आजाऱ्यांना औषध मिळे. आणि मग पुढील गाडी. लक्षावधि माणसें या दारांतून गेलीं. कांहीं परत फिरलीं, कांहीं येथेंच राहिलीं.

व्यापाराला चालना देणारी आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. रेल्वेचें भाडें अंतर वाढेल तसें दर मैलास कमी होत जातें, हें वाचकांस ठाऊक असेलच. सैबेरियांतील स्वस्त गहूं या सवलतीच्या दरानें पश्चिमेकडे येऊं लागला, तेव्हां तेथील जमीनदार घाबरले. म्हणून १८९६ सालीं सरकारनें असें ठरविलें कीं, धान्याचें भाडें चेल्याबिन्स्कपर्यंत एक आणि तेथून पुढें नव्यानें दुसरें, असें आकारावें. याचा परिणाम काय झाला? धान्य पुढें पाठविणें महाग झालें, म्हणून व्यापाऱ्यांनीं तें चेल्याबिन्स्कलाच उतरवून दळण्यास आरंभ केला. पिठाच्या गिरण्या उभ्या राहिल्या, चहाच्या वखारी आल्या, बँका आल्या. जमीनदारांच्या भीतीनें काढलेल्या एका फर्मानानें एका गांवाचें शहर केलें! ‘उरलपलीकडील शिकागो’ असें टोपणनांव त्याला याच काळांत मिळालें.

राज्यक्रांतीच्या धामधुमींत या स्थानकाचें नांव जगाच्या इतिहासांत शिरलें. १९१८ च्या मे महिन्यांत येथें दोन आगगाड्या शेजारीं उभ्या होत्या. एकींत मायदेशीं निघालेले चेकोस्लोव्हाक शिपाई होते, दुसरींत हंगेरियन युद्धकैदी. एका कैद्यानें भिरकावलेल्या लोखंडाच्या तुकड्यानें एक चेक शिपाई जखमी झाला. चेकांनीं त्या कैद्यास जागच्या जागीं ठार केलें. नव्या बोल्शेविक सत्तेनें चेकांना पकडलें, चेकांनीं शस्त्र उपसलें, आणि थोड्याच दिवसांत व्होल्गापासून सैबेरियापर्यंतचा लोहमार्ग पेटला. रशियाच्या यादवी युद्धाचा भडका उडण्यास जीं कारणें झालीं, त्यांत हें एक प्रमुख होतें.

आतां कारखान्यांकडे वळूं. १९२६ सालीं शहराची वस्ती ५९ हजार होती. १९३९ सालीं ती २ लक्ष ७३ हजार झाली. तेरा वर्षांत साडेचार पट! या वाढीचें रहस्य सोव्हिएट सरकारच्या पंचवार्षिक योजनांत आहे. शेजारीं कोपेइस्क येथें दगडी कोळशाच्या हलक्या जातीच्या खाणी होत्या. १९३० सालीं त्या कोळशावर चालणारें मोठें वीजकेंद्र सुरू झालें आणि वीज मिळतांच तिच्याभोंवतीं मिश्रधातूंचा, घर्षणद्रव्यांचा आणि जस्ताचा असे कारखाने उठले. सर्वांचा मुकुटमणि म्हणजे १ जून १९३३ रोजीं सुरू झालेला ट्रॅक्टरचा कारखाना. ‘स्तालिनेत्स-६०’ हा तेथील पहिला ट्रॅक्टर अमेरिकेच्या ‘कॅटरपिलर’ ट्रॅक्टरच्या नमुन्यावर बेतलेला होता. नांगरालाही हात न लावलेल्या तरुणांनीं आणि कालपर्यंत नांगरच धरलेल्या शेतकऱ्यांनीं तो मिळून बनविला. त्याच काळांत शेतीच्या सक्तीच्या सामुदायिकीकरणानें खेड्यांची जी दैना झाली तिची आठवणही येथें ठेविली पाहिजे. कारण या कारखान्यांच्या पायांत दगड भरणाऱ्या मजुरांत गांव सुटलेलीं आणि गांवांतून हांकलून दिलेलीं अशीं दोन्ही प्रकारचीं माणसें होतीं.

१९४१ च्या जूनमध्यें हिटलरच्या सैन्यानें रशियावर धाड घातली. पश्चिमेकडील औद्योगिक मुलूख झपाट्यानें हातचा जाऊं लागला, तेव्हां कारखानेच्या कारखाने आगगाड्यांवर चढवून उरलकडे पाठविण्यांत आले. लेनिनग्राडचा किरोव्ह कारखाना आणि खार्कोव्हचा डीझेल एंजिनांचा कारखाना येथील ट्रॅक्टर कारखान्याला येऊन मिळाले. मारिउपोलहून नळ्या बनविण्याचीं यंत्रें आलीं. जागा अपुरी पडली तेव्हां बांधकाम चालू असलेल्या नाट्यगृहांतसुद्धां मॉस्कोहून आलेला मोजमापाच्या अवजारांचा ‘कालिब्र’ कारखाना थाटण्यांत आला. जेथें संगीत व्हावयाचें तेथें कानसांचा आवाज घुमूं लागला. ट्रॅक्टर कारखाना रणगाडे बनवूं लागला आणि शहराला लोकांनीं नवें नांव दिलें, ‘टँकोग्राड’. युद्धकाळांत या एका कारखान्यांतून सुमारें १८ हजार रणगाडे व स्वयंचलित तोफा आणि ४८ हजारांहून अधिक डीझेल एंजिनें बाहेर पडलीं. पुरुष रणांगणावर गेले होते. त्यामुळें यंत्रांवर बायका आणि पंधरा-सोळा वर्षांचीं मुलें उभीं असत. उंची पुरत नसे म्हणून पायाखालीं लांकडी खोकीं घेऊन हीं मुलें काम करीत.

येथवरची कथा अभिमानाची आहे आणि चेल्याबिन्स्कचे लोक ती अभिमानानेंच सांगतात. पण या कथेला एक पाठपोट आहे. १९४१-४३ या वर्षांत शहराच्या उत्तरेस पोलादाचा जो प्रचंड कारखाना उभा राहिला आणि ज्याच्या भट्टींतून एप्रिल १९४३ मध्यें पहिलें पोलाद ओतलें गेलें, तो सक्तमजुरीच्या छावणींतील लोकांनीं बांधला. त्यांत व्होल्गाकांठचे जर्मन वंशाचे सोव्हिएट नागरिक फार मोठ्या संख्येनें होते. केवळ शत्रूच्या वंशाचे म्हणून त्यांना घरांतून उठवून येथें आणलें होतें. उपासमार, थंडी आणि अतिश्रम यांनीं त्यांपैकीं हजारों दगावले. एकाच कारखान्याच्या विटांत देशभक्ति आणि अन्याय अशा रीतीनें शेजारीं शेजारीं बसले आहेत. शहराचा इतिहास लिहितांना त्यांतील एकच वीट दाखविणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

युद्ध संपलें, पण पडदा उघडला नाहीं. उलट अधिक जाड झाला. शहराच्या उत्तरेस ७०-८० किलोमीटरांवर ‘चेल्याबिन्स्क-४०’ या सांकेतिक नांवानें एक गुप्त नगर वसविण्यांत आलें. आजचें त्याचें नांव ओझ्योर्स्क. तेथें ‘मायाक’ या कारखान्यांत अणुबाँबसाठीं प्लुटोनियम तयार होई. प्रारंभीच्या वर्षांत तेथील किरणोत्सर्गी पाणी तेचा या लहानशा नदींत सोडण्यांत आलें, आणि कांठचीं गांवें तेंच पाणी पीत राहिलीं. कारण त्यांना कोणीं कांहीं सांगितलें नाहीं. २९ सप्टेंबर १९५७ रोजीं तेथील विषारी गाळाची एक टांकी, थंड ठेवणारी यंत्रणा बिघडल्यामुळें, फुटली. विषारी ढग वाऱ्याबरोबर ईशान्येकडे गेला. चेल्याबिन्स्क दक्षिणेस असल्यामुळें वांचलें. ज्या गांवांवर तो गेला तीं उठवावीं लागलीं. ही गोष्ट झोरेस मेद्वेदेव्ह या परागंदा शास्त्रज्ञानें १९७६ सालीं पश्चिमेंत प्रसिद्ध केली आणि सोव्हिएट सरकारनें ती अधिकृतपणें मान्य केली १९८९ सालीं. दहा लक्ष वस्तीचा टप्पा १९७६ मध्येंच ओलांडलेलें हें महानगर परदेशीयांना १९९२ पर्यंत बंद होतें.

आजचें शहर पाहावयाचें असेल तर त्याच्या लेनिन हमरस्त्यानें पूर्वेकडून पश्चिमेकडे जावें. हा एकच रस्ता म्हणजे शहराची बखर आहे. पूर्व टोंकाला ट्रॅक्टर कारखान्याचें प्रवेशद्वार आणि त्याच्यासमोरील चौकांत चौथऱ्यावर चढविलेला रणगाडा. पुढें शहराच्या मध्यावर क्रांतिचौक आणि लेनिनचा पुतळा. तेथून जवळच किरोव्ह रस्त्याचा कांहीं भाग केवळ पादचाऱ्यांसाठीं राखला असून तेथें जुन्या व्यापाऱ्यांचीं घरें आणि गतकालीन नगरजीवनाचे ब्राँझचे पुतळे आहेत. मुलें त्यांच्या मांडीवर चढून बसतात. आणखी पुढें ‘आलोये पोले’ म्हणजे तांबड्या मैदानावरील अलेक्झांडर नेव्हस्कीचें लाल विटांचें देऊळ लागतें. सोव्हिएट काळांत तें देऊळ बंद झालें, पुढें त्यांत ऑर्गन वाद्याचें संगीतगृह झालें आणि अलीकडे तें पुन्हा उपासकांच्या हवालीं करण्यांत आलें. अखेर विद्यापीठाची भव्य इमारत ओलांडली कीं रस्ता एका पाइन वृक्षांच्या अरण्यांत विरून जातो. त्याच्या तोंडाशींच अणुशास्त्रज्ञ कुर्चातोव्ह यांचें १९८६ सालचें प्रचंड स्मारक आहे. त्यांचा जन्म याच प्रांतांतील सीम गांवीं झाला. रणगाड्यापासून अणूपर्यंत आणि अणूपासून अरण्यापर्यंत, असा हा रस्ता आहे.

हें अरण्य शहराचें खरें वैभव होय. त्याच्या एका भागांत गागारिन उद्यान असून पूर्वींच्या ग्रॅनाइटच्या खाणींत पाणी सांचून तेथें सुंदर तळीं झालीं आहेत. रविवारीं आजीआजोबांपासून नातवंडांपर्यंत सारें कुटुंब हिंवाळ्यांत बर्फावरील घसरपट्ट्या घेऊन आणि उन्हाळ्यांत शिदोरी घेऊन येथें येतें.

२०२१ च्या खानेसुमारीप्रमाणें शहराची लोकसंख्या सुमारें ११ लक्ष ९० हजार असून रशियांतील शहरांत त्याचा क्रमांक सातवा लागला. सोव्हिएट संघ मोडल्यानंतर कारखान्यांची दशा झाली तेव्हां ती घटून २००२ मध्यें १० लक्ष ७७ हजारांवर आली होती. वस्तींत रशियन बहुसंख्य, त्यांच्यामागून तातार व बश्कीर. शिवाय युक्रेनियन, जर्मन, कझाक, आर्मेनियन अशी नाना कुळें. शहराचे सात प्रशासकीय विभाग आहेत, आणि त्यांपैकीं दोघांचीं नांवें चक्क ‘ट्रॅक्टर कारखाना विभाग’ आणि ‘धातुशास्त्र विभाग’ अशीं आहेत! प्रत्येक मोठ्या कारखान्यानें आपल्याभोंवतीं कामगारांचीं घरें, दवाखाना, क्रीडांगण आणि ‘संस्कृतिगृह’ बांधलें. त्यामुळें शहर एकसंध वाढलें नाहीं. कारखान्यांच्या भोंवतीं वाढलेल्या अनेक गांवांची ती मोट आहे. या मोटेला बांधून ठेवणारा दोर म्हणजे ट्राम. ती १९३२ सालीं सुरू झाली. विजेच्या तारेवर चालणारी ट्रॉलीबस तर डिसेंबर १९४२ मध्यें, म्हणजे स्टालिनग्राडची लढाई चालू असतांना, सुरू झाली. कामगारांना वेळेवर यंत्रापाशीं पोंचविणें हेंही युद्धकार्यच होतें.

या पार्श्वभूमीवर भुयारी रेल्वेची कथा ऐकण्यासारखी आहे. तिचें काम १९९२ सालीं सुरू झालें. संघ नुकताच मोडलेला, तिजोरी रिकामी. तरी खणणें चालूच राहिलें. आज तीन दशकें उलटलीं, पण एकही उतारू त्या बोगद्यांतून गेलेला नाहीं. युद्ध चालू असतां जें साधलें तें शांततेंत साधलें नाहीं! अर्धवट बोगदे आतां ट्रामसाठीं वापरावेत अशी योजना पुढें आली आहे. असाच प्रकार दुसऱ्या एका इमारतीचा झाला. २०२० सालीं शांघाय सहकार्य संघटनेची आणि ब्रिक्स राष्ट्रांची परिषद चेल्याबिन्स्कला भरावयाची होती. भारत दोहोंचा सभासद असल्यामुळें आपले प्रतिनिधीही तेथें गेले असते. नदीकांठीं भव्य सभागृह उठूं लागलें. पण परिषद दुसऱ्या शहरीं नेण्याचें ठरलें, पुढें साथीच्या रोगामुळें ती दूरदृश्य पद्धतीनेंच उरकावी लागली, आणि सभागृहाचा सांगाडा मागें राहिला.

दृष्टीआडची एक व्यवस्था मात्र येथें उत्तम चालते, आणि आपल्या गृहिणींस तिचें नवल वाटेल. वीजकेंद्रांत वीज तयार झाल्यावर उरलेल्या उष्णतेनें पाणी तापवून तें जाड नळांनीं शहरभर फिरविलें जातें आणि प्रत्येक घराच्या भिंतींतील लोखंडी पन्हळींतून खेळतें. पांच दिवस सरासरी उष्णमान ८ अंशांखालीं राहिलें कीं हें पाणी सोडतात, तें वसंतापर्यंत चालूच असतें. बाहेर उणें वीस अंश, पण घरांत मुलें साध्या सदऱ्यावर खेळतात. या व्यवस्थेचा कस लागला तो १५ फेब्रुवारी २०१३ रोजीं. सकाळीं ९ वाजून २० मिनिटांनीं आकाशांतून सुमारें २० मीटर रुंदीचा एक पाषाण आला आणि जमिनीपासून ३० किलोमीटर उंचीवर फुटला. सूर्याहून प्रखर असा प्रकाश पडला. लोक नवल पाहण्यास खिडकीशीं धांवले. आणि दोन-अडीच मिनिटांनीं धक्क्याची लाट येऊन त्याच खिडक्यांच्या कांचा त्यांच्या अंगावर कोसळल्या. सुमारें १,५०० लोकांस उपचार घ्यावे लागले, सात हजारांहून अधिक इमारतींचें नुकसान झालें, जस्ताच्या कारखान्याचें एक छप्पर खचलें. सुदैवानें मनुष्यहानि झाली नाहीं. एका शाळेंत एका शिक्षिकेनें प्रकाश दिसतांच मुलांना बांकांखालीं बसविलें. मुलें सुखरूप राहिलीं, शिक्षिका स्वतः कांचांनीं जखमी झाली. बाहेर उणें पंधरा अंशांची थंडी होती. उघड्या खिडक्यांमुळें नळांतील पाणी गोठलें असतें तर नळ फुटून सारें शहर गारठलें असतें. म्हणून जखमा बांधून लोक लगेच खिडक्यांना चटया, फळ्या, प्लास्टिक लावण्यास लागले. त्याच वर्षीं चेबार्कुल सरोवराच्या तळांतून त्या पाषाणाचा अर्ध्या टनाहून जड असा तुकडा काढण्यांत आला; तो आतां शहराच्या इतिहास-संग्रहालयांत ठेविला आहे.

आकाशांतील हें संकट एका क्षणांत आलें आणि गेलें. जें रोज येतें त्याचा उपाय अधिक कठीण आहे. शहराच्या हद्दींतच पोलादाचे, मिश्रधातूंचे व जस्ताचे कारखाने आहेत. वारा वाहता असेल तोंवर ठीक. पण हिंवाळ्यांत वारा पडला म्हणजे थंड हवेचा थर जमिनीलगत बसतो, वरची उबदार हवा त्याच्यावर झांकणासारखी बसते, आणि धूर खालींच कोंडून राहतो. अशा दिवसांसाठीं ‘प्रतिकूल हवामान’ असा इशारा जाहीर होतो आणि कारखान्यांनीं धूर कमी करावा असा नियम आहे. शहराच्या कचऱ्याची रासही अशीच. ती १९४९ पासून वस्तीजवळ वाढत वाढत ४० मीटर उंचीची टेकडी झाली होती. २०१८ सालीं ती बंद करून पुढें मातीखालीं झांकण्यांत आली. हवा शुद्ध करण्याच्या राष्ट्रीय योजनेंत जीं १२ शहरें प्रथम घेतलीं, त्यांत चेल्याबिन्स्क आहे. शहराजवळ तांब्याची नवी खाण निघावयाची होती तेव्हां नागरिकांनीं सभा भरविल्या, सह्या गोळा केल्या. खाण थांबली नाहीं. पण ज्या शहरांत पूर्वीं विषारी नदीविषयींसुद्धां कोणी बोलत नसे, तेथें लोक आपल्या श्वासाविषयीं उघड बोलूं लागले, हा फरक लहान नव्हे.

तरीही हे लोक शहर सोडून सरसकट निघून गेले आहेत असें नाहीं. ‘ट्रॅक्टर’ नांवाच्या १९४७ सालच्या हॉकी संघाचा सामना असला कीं सारें शहर एका बाजूस होतें. उन्हाळा आला कीं प्रत्येक कुटुंब शहराबाहेरील आपल्या इवल्याशा बागेंत बटाटे, काकड्या, टोमॅटो लावतें आणि हिंवाळ्यासाठीं बरण्या भरून ठेवतें. आपल्याकडे चैत्र-वैशाखांत लोणचीं-पापडांची जी धांदल उडते, तीच तेथें ऑगस्टांत उडते. आपल्या कणखरपणावर विनोद करण्याची या लोकांस मोठी हौस आहे. ‘चेल्याबिन्स्कची माणसें इतकीं कठोर कीं...’ अशा आरंभाचे विनोद साऱ्या रशियांत सांगतात, आणि त्यांतले पुष्कळ तेथलेच लोक रचतात.

आपल्याला या शहराचा विचार कां करावा, असें कोणी विचारील. त्याला माझें उत्तर असें कीं, आपल्याही घरांतील मुलें जमशेदपूर, भिलाई, पिंपरी-चिंचवड अशा नगरांत जाऊन स्थायिक झालीं आहेत. त्यांतील भिलाईचा पोलाद कारखाना तर १९५५ च्या करारानें सोव्हिएट तंत्रज्ञांच्याच साहाय्यानें उभा राहिला आणि १९५९ मध्यें त्याची पहिली भट्टी पेटली. कारखाना आला म्हणजे अन्न येतें, शिक्षण येतें, घर येतें. हें नाकारणें कृतघ्नपणाचें ठरेल. पण कारखाना आपलें भाडें धुराच्या आणि पाण्याच्या रूपानें वसूल करीत असतो, आणि तें किती हें वेळींच विचारलें नाहीं तर पुढील पिढीला व्याजासह फेडावें लागतें. चेल्याबिन्स्कच्या आजोबांस तो प्रश्न विचारण्याची मुभा नव्हती. त्यांचीं नातवंडें आज तो विचारीत आहेत. आपल्याला तर ती मुभा पहिल्यापासून आहे. तिचा उपयोग आपण किती करतों, याचा हिशेब प्रत्येक घरानें आपल्यापुरता मांडून पाहावा.